एक दुधाचा सुळा आणि सरांची वही : बेळगाव येथील एक प्रकरण अभ्यास

ऑर्थोडॉन्टिक्सच्या, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्राच्या, एखाद्या मोठ्या शिक्षकाची आठवण काढायची म्हटली की त्यांनी सरळ केलेल्या दातांचे फोटो पुढे येतात, एक उपचाराआधीचा आणि एक नंतरचा. आमच्या सरांनीही असे शेकडो रुग्ण हाताळले. तरी त्यांच्याविषयी लिहिताना मी निवडलेल्या प्रकरणात तार जवळजवळ नाहीच. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बेळगावातील एका दंत महाविद्यालयात मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. त्या काळात सरांनी खानापूर तालुक्यातील एका ११ वर्षांच्या मुलीचा दुधाचा एक दात काढायला सांगितला आणि त्यापलीकडे वर्षभर काहीही करू दिले नाही. तो निर्णय त्यांनी कशाच्या आधारावर घेतला, विभागात त्यावर काय मतभेद झाले, घरच्यांना तो कसा समजावून सांगितला आणि पुढे काय झाले, हे सगळे मी जवळून पाहिले. सर आता हयात नाहीत. मुलीची आणि तिच्या घरच्यांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

मुलगी आणि तिची तक्रार

मुलगी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या एका गावातली होती. हा खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा पट्टा आहे. मलप्रभा नदी कणकुंबीलाच उगम पावते, पावसाळ्यात तिथे पाऊस अक्षरशः कोसळतो आणि भाताची लावणी सुरू झाली की घरातले कोणीही बेळगावची वाट धरू शकत नाही. मुलगी मराठी शाळेत पाचवीत होती. वडील भातशेती करत आणि हंगाम संपला की मिळेल तिथे मजुरीला जात.

तक्रार घेऊन आली होती ती मुलीची आजी. वरचा डावीकडचा, पटाशीच्या दाताशेजारचा दात बारीक आहे आणि थोडा बाहेर झुकला आहे, पुढे लग्नाच्या वेळी अडचण होईल, तर आत्ताच तार बसवून द्यावी, असे तिचे म्हणणे होते. नातीला मात्र त्या दाताचे काहीच वाटत नव्हते. शाळेत दातांची तपासणी झाली तेव्हा कोणीतरी बेळगावला दाखवा म्हणून सांगितले होते, एवढेच तिला ठाऊक होते.

विभागाच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीचा इतिहास आम्ही विद्यार्थ्यांनी लिहून घेतला. सर आले आणि त्यांनी तो कागद वाचण्याआधी आजीला चार गोष्टी विचारल्या. गावातून पहिली गाडी किती वाजता सुटते, मुलीला आणायला दर वेळी कोण येईल, शाळेच्या परीक्षा कधी असतात आणि लावणीच्या दिवसांत घरी कोण असते. सर मूळचे कन्नड भाषक होते. त्यांचे मराठी बाह्यरुग्ण विभागात रुग्णांशी बोलता बोलताच तयार झालेले होते. बेळगावच्या दंत दवाखान्यात दिवसभरात कन्नड, मराठी, कोकणी आणि उर्दू बोलणारे रुग्ण येतात, शिवाय सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही लोक याच शहराकडे येतात. रुग्णाच्या भाषेत निदान सांगता येत नसेल तर ते निदान अपुरे आहे, असे सर मानत. ही गोष्ट त्यांनी आम्हाला व्याख्यानातून शिकवली नाही. ते रोज तसेच बोलत, म्हणून ती आमच्यात उतरली.

बोटाने तपासणे

तपासणीत पुढील गोष्टी आढळल्या. दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढांचे एकमेकींशी नाते सामान्य होते, अमेरिकी दंततज्ज्ञ एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार पहिला वर्ग. खालच्या दातांत किरकोळ दाटी होती. वरच्या जबड्यात दाटी नव्हतीच, उलट बारीक दाताच्या दोन्ही बाजूंना थोडी फट होती. उजव्या बाजूचा दुधाचा सुळा पडून कायमचा सुळा हिरडीतून डोकावत होता. डाव्या बाजूचा दुधाचा सुळा मात्र जागच्या जागी घट्ट होता, जराही हलत नव्हता.

आम्ही एवढे लिहून थांबलो होतो. सरांनी हातमोजा चढवला आणि तर्जनी मुलीच्या वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वरच्या भागात, उजवीकडून डावीकडे सावकाश फिरवली. मग अंगठा टाळूच्या बाजूला आणि तर्जनी ओठाच्या बाजूला ठेवून तोच भाग दोन्हींच्या चिमटीत घेऊन पाहिला. उजव्या बाजूला हाडाचा फुगवटा स्पष्ट लागत होता. डाव्या बाजूला ओठाकडून काहीच लागत नव्हते, टाळूकडून मात्र किंचित भरीवपणा जाणवत होता. हे त्यांनी आम्हा प्रत्येकाला करून पाहायला लावले, मुलीची परवानगी घेऊन आणि तिला कंटाळा आला की थांबून.

वरचा सुळा हा तोंडातला सर्वांत लांबचा प्रवास करणारा दात आहे. त्याचा उगम डोळ्याच्या खोबणीच्या तळाखाली, हाडात खूप वर होतो. तिथून तो शेजारच्या दाताच्या मुळाच्या आधाराने खाली सरकत येतो आणि साधारण ११ ते १२ व्या वर्षी तोंडात उगवतो. नववे-दहावे वर्ष उलटले की त्याचा फुगवटा बहुतेक मुलांत ओठाच्या बाजूने बोटाला लागू लागतो. एरिकसन आणि क्युरोल या स्वीडिश संशोधकांनी १९८६ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना १० व्या वर्षी २९ टक्के मुलांत हा फुगवटा लागला नव्हता, ११ व्या वर्षी मात्र असे प्रमाण अवघे ५ टक्के उरले होते. म्हणजे ११ वर्षांच्या मुलीत एका बाजूला फुगवटा आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, ही किरकोळ बाब राहत नाही. सुळा वाट चुकून टाळूकडे वळला असेल, असा संशय तिथेच घ्यायला हवा. लोकसंख्येत साधारण २ टक्के लोकांचा वरचा सुळा असा अडकतो आणि त्यांत टाळूच्या बाजूचे अधिक असतात.

बारीक शेजारी दात हा दुसरा दुवा होता. टाळूकडे वळलेला सुळा आणि आखूड किंवा बारीक पार्श्व पटाशी (मधल्या पटाशीच्या शेजारचा दात) या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच तोंडात सापडतात. काहींच्या मते आखूड मूळ सुळ्याला नीट वाट दाखवू शकत नाही, तर काहींच्या मते दोन्हींचे मूळ आनुवंशिकतेत आहे. सरांनी हा वाद आम्हाला समजावला आणि लगेच आजीला विचारले की घरात आणखी कोणाचा दात असा आहे का. आजी म्हणाली, "हिच्या आत्याचा हाय की. दुधाचाच दात अजून तिथं बसलाय." ती आत्या लग्न होऊन बेळगावातच वडगावला राहत होती. पुढच्या भेटीत ती मुलीसोबत आली आणि सरांनी तिचेही तोंड तपासले. पंचविशीतल्या त्या बाईच्या वरच्या जबड्यात दुधाचा सुळा झिजून अर्धा उरला होता, आणि कायमचा सुळा टाळूत आडवा होता. पुस्तकात अर्धे पान व्यापणारा आनुवंशिकतेचा मुद्दा आम्ही त्या दिवशी दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी पाहिला.

दोन छोट्या फिल्म

त्रिमितीय स्कॅन तेव्हा विभागात नव्हता. जबड्याचा रुंद एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला गेला. त्यात डावा सुळा तिरका होता आणि त्याचे टोक शेजारच्या पार्श्व पटाशीच्या मुळावर आलेले दिसत होते. पण ओपीजी सपाट चित्र देतो. दात मुळाच्या पुढे आहे की मागे, हे त्यातून नक्की ठरत नाही. त्यासाठी सरांनी त्याच जागेच्या दोन छोट्या फिल्म काढायला सांगितल्या, एक एक्स-रेची नळी समोर धरून आणि दुसरी नळी मागच्या दाढांच्या दिशेने सरकवून. दुसऱ्या फिल्ममध्ये सुळा नळी गेली त्याच दिशेला सरकलेला दिसला. याचा अर्थ तो नळीपासून दूरच्या बाजूला, म्हणजे टाळूकडे होता.

हा नियम आम्हाला पाठ होता. सरांनी तो मुलीच्या वडिलांना समजावून दिला. त्यांनी वडिलांना एका डोळ्यासमोर दोन बोटे एकामागे एक धरायला लावली, दुसरा डोळा मिटायला सांगितले आणि मान हळूच उजवीकडे न्यायला सांगितले. मागचे बोट मान गेली त्या बाजूला सरकल्यासारखे दिसले. वडिलांनी ते दोनदा करून पाहिले. मग सरांनी दोन्ही फिल्म काचेच्या उजेडपेटीवर लावल्या आणि कोणता दात मागचा, हे त्यांनाच ओळखायला सांगितले. त्यांनी बरोबर बोट ठेवले. संमतीपत्रावर सही घेण्याआधी पालकाला स्वतःला निदान दिसले पाहिजे, हा सरांचा आग्रह होता आणि त्यासाठी खर्ची पडलेली दहा मिनिटे त्यांनी कधी वाया गेली असे मानले नाही.

यानंतर त्यांनी ओपीजीवर ट्रेसिंग पेपर ठेवून आमच्याकडून दोन रेषा काढून घेतल्या. एक जबड्याच्या मध्यातून आणि दुसरी सुळ्याच्या लांबीतून. दोन्हींमधला कोन मध्यम होता. सुळ्याचे टोक पार्श्व पटाशीच्या मुळाच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचलेले नव्हते, मुळाच्या दाढांकडच्या अर्ध्या भागावरच थांबले होते. पुढचा सगळा निर्णय या एका निरीक्षणावर उभा होता. पटाशीचे मूळ झिजल्याची खूण फिल्मवर दिसत नव्हती. अशी झीज साध्या फिल्मवर पुष्कळदा लपून राहते, हे मात्र सरांनी बजावून सांगितले, आणि सीटी स्कॅनच्या अभ्यासांनीही ते दाखवले आहे.

विभागातील दोन मते

चर्चेत तीन मार्ग पुढे आले. पहिला, काहीही न करता वाट पाहणे. दुसरा, दुधाचा सुळा काढून कायमच्या सुळ्याला वाट मोकळी करणे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे. तिसरा, शस्त्रक्रियेने टाळू उघडून सुळ्यावर कडी चिकटवणे, सर्व दातांना तारा बसवणे आणि त्याला ओढून रांगेत आणणे.

विभागातील बरेच जण तिसऱ्या मार्गाच्या बाजूचे होते आणि त्यांची कारणे पोकळ नव्हती. शस्त्रक्रिया केली की सुळा नक्की हाती लागतो, त्याच तारांनी बारीक दातासाठी जागाही नीट करता येते, आणि खेड्यातला रुग्ण एकदा परत गेला की पुन्हा येईलच याची शाश्वती नसते. याशिवाय तीन वर्षांच्या एम.डी.एस. या दंतवैद्यकातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्ण सुरू करून पूर्णत्वास न्यायचे असतात आणि अडकलेला सुळा ओढून आणणे हे नोंदवहीत भारदस्त दिसणारे काम असते. हे शेवटचे कारण कोणी बोलून दाखवले नाही. सरांनीच ते टेबलावर ठेवले, कोणालाही न दुखावता. विद्यार्थ्याची गरज आणि मुलीची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या स्तंभांत लिहा, असे त्यांनी सांगितले.

मग त्यांनी तिसऱ्या मार्गाचा हिशेब मुलीच्या बाजूने मांडायला लावला. सुमारे दोन वर्षे तारा, दर महिन्याला बेळगावची फेरी, प्रत्येक फेरीला मुलीची एक शाळा आणि मोठ्या माणसाची एक मजुरी बुडणार. टाळूतला दात ओढताना शेजारच्या मुळांवर ताण येतो, क्वचित सुळा हाडाला चिकटून बसतो आणि हिरडी खाली सरकण्याचाही धोका असतो. पावसाळ्यात तार सुटली तर गावात ती बघणारे कोणी नाही. एवढे सगळे पत्करणे योग्य ठरेल, पण साध्या उपायाला आधी संधी देऊन झाल्यावर, असे त्यांचे मत होते.

साध्या उपायाला आधारही होता. एरिकसन आणि क्युरोल यांनीच १९८८ मध्ये ४६ टाळूकडे वळलेल्या सुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १० ते १३ वर्षांच्या मुलांचा दुधाचा सुळा काढल्यावर त्यांतील ७८ टक्के कायमचे सुळे आपोआप योग्य वाटेवर आले. सुळ्याचे टोक शेजारच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडे असेल तर हे प्रमाण ९१ टक्के होते, पलीकडे गेले असेल तर ६४ टक्के. आमची मुलगी अलीकडच्या गटात बसत होती, दाटी नव्हती आणि वयही जुळत होते.

आमच्यापैकी एका विद्यार्थिनीने येथे प्रश्न उपस्थित केला. त्या अभ्यासात दात न काढलेल्या मुलांचा तुलनेचा गट नव्हता, मग त्या ७८ टक्क्यांतले किती सुळे दात न काढताही आलेच असते, हे कसे कळणार? सरांना हा प्रश्न मनापासून आवडला. त्यांनी मान्य केले की याचे उत्तर तेव्हा उपलब्ध पुराव्यात नव्हते. त्यांनी तिला चार्ल्स ट्वीड यांची गोष्ट सांगितली. अँगल यांचा आग्रह सगळे दात राखून उपचार करण्याचा होता आणि ट्वीड हे त्यांचे निष्ठावान शिष्य. पण गुरूंच्या पद्धतीने केलेल्या आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा बिघडताना पाहून त्यांनी उपदाढा काढून त्यांच्यावर नव्याने उपचार केले आणि जुन्या-नव्या नोंदी व्यवसायबंधूंसमोर मांडल्या. शिष्याने गुरूशी असहमत व्हावे, पण नोंदी समोर ठेवून व्हावे, हा सरांचा त्यातला मुद्दा होता. विद्यार्थिनीची शंका प्रकरणाच्या कागदावर तिच्या शब्दांत लिहून घेतली गेली आणि निर्णय तरीही दुसऱ्या मार्गाचा झाला. कारण दुधाचा सुळा काढण्यात गमावण्यासारखे फार थोडे होते आणि वर्षभर थांबूनही शस्त्रक्रियेचा मार्ग खुलाच राहणार होता.

एका बाजूचाच दुधाचा दात काढला तर वरच्या दातांची मध्यरेषा त्या बाजूला सरकते का, याचाही विचार झाला. वरच्या जबड्यात जागा मोकळी होती आणि उजवा कायमचा सुळा येऊन पोहोचला होता, त्यामुळे धोका कमी होता. तरी प्रत्येक भेटीत मध्यरेषा मोजून लिहायची, असे ठरले.

आजीचा आक्षेप

आजीने नकार दिला. वरचा दात काढला की डोळ्याची नजर जाते, असे तिने ठामपणे सांगितले. तिच्या ओळखीतल्या एका माणसाचे तसे झाले होते. आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी ही अंधश्रद्धा आहे असे म्हणू लागला, तेव्हा सरांनी त्याला हाताने थांबवले.

त्यांनी आजीला सांगितले की तिची भीती निराधार नाही. वरच्या सुळ्याचे मूळ डोळ्याच्या खाली खूप वरपर्यंत जाते. तो दात किडून पू झाला तर डोळ्याखालचा भाग सुजतो, पापणी मिटते, माणूस घाबरतो, आणि अशा वेळी दात काढला तर नजरेचा त्रास त्या दातामुळेच झाला असे वाटणे साहजिक आहे. पण पाहण्याची शीर मेंदूतून थेट डोळ्याकडे येते आणि दाताच्या शिरेशी तिचा संबंध नसतो. दात काढताना सुन्न होते ती दाताची शीर. त्यांनी कवटीचा प्लास्टिकचा सांगाडा आणून दोन्ही शिरांच्या वाटा आजीच्या बोटाने दाखवल्या. मग त्यांनी तिला एक पर्याय दिला : आज काही करायचे नाही, घरी जाऊन बोला, पंधरवड्याने या.

पंधरवड्याने आजी, वडील आणि आत्या तिघेही आले. दात काढायला पाच मिनिटे लागली. दुधाच्या दाताचे मूळ कायमचा दात खालून येऊ लागला की झिजत जाते, म्हणून असे दात सहसा नुसते टोपण निघाल्यासारखे आखूड निघतात. या दाताचे मूळ मात्र लांब, गुळगुळीत आणि पूर्ण शाबूत होते. सरांनी तो कापसावर ठेवून आजीच्या हातात दिला आणि सांगितले की याच्या खाली कोणी आलेच नव्हते, म्हणून हा पडत नव्हता. आजीने तो बराच वेळ निरखून पाहिला आणि रुमालात बांधून घेतला. निदानाचा याहून पटणारा पुरावा आम्ही तिला दुसरा कुठला देऊ शकलो असतो असे मला वाटत नाही.

वही

या उपचाराचा खरा भाग दात काढल्यानंतर सुरू होतो. दात काढून रुग्णाला विसरून जाणे म्हणजे दुर्लक्ष, आणि तो धोका विरोधी मत मांडणाऱ्यांनी अचूक ओळखला होता. सरांच्या टेबलाच्या खणात लांब आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही असे. तिच्यात फक्त वाट पाहत असलेल्या मुलांची नावे होती : अडकलेले सुळे, वाढीची वाट बघणारे जबडे, दुधाच्या दाढा लवकर गेलेली मुले. नाव, गाव, काय पाहायचे, कधी पाहायचे, एवढे रकाने कोणत्याही वहीत असतात. सरांच्या वहीत आणखी दोन होते. एकात मुलाला कोण घेऊन येणार ते लिहिलेले असे आणि दुसऱ्यात घरी कोणत्या भाषेत पत्र वाचले जाते ते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक इंटर्न ही वही घेऊन बसे आणि ज्यांची वेळ आली आहे त्यांना पोस्टकार्ड लिही, मराठीत किंवा कन्नडमध्ये. सर प्रत्येक पोस्टकार्ड वाचून मगच टपालात टाकू देत.

या मुलीच्या नावापुढे सहा महिन्यांनी एक्स-रे, असे लिहिले होते. सहा महिने जून-जुलैत पूर्ण होत होते. वेळ आली, पोस्टकार्ड गेले, कोणी आले नाही. लावणी सुरू होती आणि त्या पट्ट्यातला पाऊसही. सरांना याचे आश्चर्य वाटले नाही, कारण लावणीच्या दिवसांविषयी त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले होते. दुसरे पोस्टकार्ड त्यांनी गणपतीच्या सुट्टीच्या आधी पोहोचेल अशा बेताने पाठवायला लावले आणि त्यात आत्याच्या घरी मुक्काम करून यावे असे सुचवले. मुलगी गणपतीनंतर आत्याबरोबर आली.

पुढे काय झाले

त्या भेटीत बोटाला अजून फुगवटा लागला नाही. एक्स-रेत मात्र सुळ्याचे टोक शेजारच्या मुळावरून मागे सरकलेले होते आणि ट्रेसिंगमध्ये कोन कमी झाला होता. मध्यरेषा जागेवर होती. दात काढून वर्ष उलटल्यावर पुढच्या तपासणीत डावीकडे ओठाच्या बाजूने फुगवटा स्पष्ट लागला. मुलीने तो स्वतःच्या बोटाने शोधून आम्हाला दाखवला, कारण कुठे बघायचे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक झाले होते.

तेराव्या वर्षी सुळा तोंडात आला. तो पूर्ण सरळ नव्हता, किंचित फिरलेला होता. तो वळवायला थोड्या काळासाठी तारा बसवाव्यात का, यावर पुन्हा चर्चा झाली. मुलीला ते नको होते आणि चावण्यात अडचण नव्हती, म्हणून सरांनी तो तसाच राहू दिला. बारीक पार्श्व पटाशीला दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लावून तिची रुंदी वाढवण्यात आली आणि फट बुजली. आजीचा लग्नाचा प्रश्न त्या कॉम्पोझिटने सुटला, असे तिने समाधानाने सांगितले. परीक्षकांच्या नजरेतून पाहिले तर हा निकाल सर्वोत्तम नाही, सुळ्याच्या वळणाला गुण कापले गेले असते. माझ्या मते तो त्या मुलीसाठी योग्य निकाल होता, आणि या दोन विधानांत विरोध नाही हे मला सरांमुळे कळले.

आत्याच्या बाबतीत मात्र फार उशीर झालेला होता. तिच्या आडव्या सुळ्यासाठी शस्त्रक्रिया आणि दीर्घ उपचार हाच मार्ग उरला होता. तिने तो नाकारला आणि दुधाचा दात टिकेल तोवर टिकू द्यायचे ठरवले. सरांनी तिचेही नाव वहीत घातले. अडकलेल्या सुळ्याभोवती क्वचित द्रवाने भरलेली गाठ (सिस्ट) तयार होते किंवा शेजारची मुळे झिजतात, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे आवश्यक होता.

नंतर आलेला पुरावा

त्या विद्यार्थिनीच्या शंकेचे उत्तर पुढे आले. बाचेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तुलनेच्या गटासह अभ्यास प्रसिद्ध केला. दुधाचा सुळा काढलेल्या मुलांत सुळा यशस्वीपणे येण्याचे प्रमाण ६५.२ टक्के होते, काहीही न केलेल्या गटात ३६ टक्के, आणि दात काढून जोडीला हेडगिअर (डोक्याला किंवा मानेला अडकवून वरच्या दाढांना मागे धरणारे साधन) वापरलेल्या गटात ८७.५ टक्के. २०१५ मध्ये नाउमोवा आणि सहकाऱ्यांच्या स्वीडनमधील यादृच्छिक चाचणीत (जिथे कोणाचा दात काढायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) हे प्रमाण दात काढलेल्या बाजूला ६९ आणि न काढलेल्या बाजूला ३९ टक्के आले. कमी वयाच्या मुलांत फायदा अधिक दिसला.

म्हणजे दोन्ही बाजूंचे काही बरोबर होते. शंका घेणारी विद्यार्थिनी बरोबर होती, कारण दात न काढताही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सुळे येतात आणि १९८८ चे ७८ टक्के सगळे दात काढण्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. सरांचा निर्णयही बरोबर होता, कारण फरक मोठा आहे आणि उपाय छोटा आहे. आमच्या मुलीचा सुळा दात न काढताच आला असता का, हे एका रुग्णावरून कधीच ठरणार नाही. तसे ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असे मी आता माझ्या इंटर्नना सांगतो.

खानापुरात माझा दवाखाना आहे. त्रिमितीय स्कॅन बेळगावात सहज मिळतो. तो मी प्रत्येक मुलाला करायला लावत नाही. दोन छोट्या फिल्मनी काम भागते तिथे त्याच काढतो आणि मुळाच्या झिजेचा संशय असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तरच स्कॅन सुचवतो. नऊ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवल्याशिवाय त्याला खुर्चीतून उठवत नाही, मग ते किडलेल्या दाढेसाठी आलेले असले तरी. पोस्टकार्डाची जागा मोबाइलवरच्या संदेशाने घेतली आहे, पण वाट पाहणाऱ्या मुलांची वही मी वेगळीच ठेवतो आणि सरांचे ते दोन जादा रकाने तिच्यात आहेत. लावणीच्या दिवसांत बोलावणे येणार नाही अशा रीतीने तारखा लावतो.

काही वर्षांपूर्वी त्या आत्याची धाकटी मुलगी, नऊ वर्षे पूर्ण झालेली, माझ्याकडे तपासणीला आली. आत्याने तिला दाताची काही तक्रार नसताना आणले होते. आमच्या घरात हे येते, असे ती स्वतःच म्हणाली. उजवा फुगवटा बोटाला लागला, डावा लागला नाही. या वयात तेवढ्यावरून काही ठरत नाही, म्हणून एक्स-रे न काढता मी वहीत नाव लिहिले, सहा महिन्यांनी पुन्हा बोटाने पाहायचे असे नोंदवले आणि कोण घेऊन येईल या रकान्यात आजीचे नाव घातले.